मामा तलाव आणि भाच्याचे बूट

माझा भाचा पुण्याहून तुमसरला पक्षी बघायला आला. ही बातमी मी पानठेल्यावर सांगितली तेव्हा दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग एकाने सुपारी गालात सरकवत हळूच विचारलं, "पोरगी पाहायला आला म्हणता?"

"नाही जी. पक्षी."

"हां हां," तो समजूतदारपणे म्हणाला, "म्हणजे अजून जमून नाही रायलं."

तुमसरला माणूस येतो तो कामाने. धान विकायला येतो, तांदूळ घ्यायला येतो, डोंगरी बुजुर्ग नाहीतर चिखल्याच्या मँगनीज खाणीवर नोकरीला येतो. काही जण हावडा लाइनच्या गाडीने तुमसर रोडला उतरतात आणि ही देव्हाडी आहे, तुमसर अजून पुढे आहे, हे कळल्यावर ऑटोवाल्याशी भांडत येतात. पण रजा टाकून, तिकीट काढून, पहाटे चारचा गजर लावून बगळे बघायला आलेला माणूस आमच्या गल्लीने पाहिला नव्हता. बगळा ही काय बघायची गोष्ट आहे? तो असतो. जसा विजेचा खांब असतो, जसा तलाठी असतो. फरक एवढाच की बगळा जागेवर सापडतो.

भाच्याचं सामान बघून आमच्या हिने आधी विचारलं, "जावईबापूंसारखा महिनाभर राहणार का रे?" एका पेटीत कॅमेरा, दुसरीत त्याची नळी. नळी अशी की तीत दोन किलो कनकी सहज मावावी. गळ्यात दुर्बीण, अंगात झाडपाल्याच्या रंगाचा शर्ट, डोक्यावर तसलीच टोपी. पक्ष्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून हा सगळा पोशाख. आणि पायात मात्र पांढरे शुभ्र बूट. किंमत त्याने सांगितली नाही. मी मुनीम माणूस, राइस मिलच्या वह्या लिहिण्यात जन्म गेला. न सांगितलेला आकडा मला बरोबर दिसतो. दोन क्विंटल धान, अगदी भाव बरा असला तरी.

त्याच्या मोबाइलमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप होतं. संध्याकाळी अंगणात त्याने ते लावलं. साळुंकी, बुलबुल, पिंगळा अशी नावं भराभर उमटू लागली. तीस वर्षं ज्या आवाजांना मी 'कटकट' एवढंच म्हणत होतो, त्यांची अशी फोड झाली. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि ॲप बराच वेळ विचारात पडलं.

पहाटे आम्ही गावाबाहेरच्या तलावावर गेलो. पाटी वाचून भाचा थबकला. "मामा तलाव? मामा, हा तुमचा?"

हा घोळ आमच्याकडे पाहुण्यांचा नेहमी होतो. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदावर जागा कमी पडली आणि तलाव गावाचा मामा झाला. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या माणसांनी हे तलाव खोदले, बांधले. उताराची नजर अशी की हातात ना दुर्बीण ना नकाशा, आणि पाणी नेमकं थांबायचं तिथे थांबलं. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून जास्त आहेत. पुढे मालगुजार त्यांचे मालक झाले, आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाले. म्हणजे आधी ते एकाचे होते, मग सर्वांचे झाले, आणि जे सर्वांचं असतं त्याचा गाळ कोणी काढायचा हा प्रश्न तेव्हापासून विचाराधीन आहे.

भाच्याने हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि पाण्याकडे दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल वर आलं नाही. तलावाचा काठ म्हणजे वरून वाळकी खरपुडी आणि खाली खीर. पांढरा बूट घोट्यापर्यंत आत गेला. तो काढायला दुसरा पाय रोवला, तोही गेला. त्याच क्षणी समोरून एक टिटवी ओरडत उडाली. रात्री आभाळ पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते असं आमच्याकडे सांगतात. त्या दिवशी तिला बहुधा वाटलं असेल, आभाळ पडलं ते पुण्याहून.

"का पाहून रायला गा पोरा?" पारीवरून आवाज आला. पार म्हणजे तलावाचा बांध. तिथे एक म्हातारे ढिवर बाबाजी जाळं सोडवत बसले होते.

"बाबाजी, तो पक्षी," भाचा बुटांची आशा सोडून कॅमेरा सावरत म्हणाला. "तो ओपनबिल स्टॉर्क आहे ना?"

बाबाजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "नाई. थो घोंगल्याफोड्या होय."

पुस्तकात याचं नाव मुग्धबलाक. नाव ऐकून वाटतं संस्कृत नाटकातलं दुय्यम पात्र असावं. घोंगल्याफोड्या म्हटलं की पक्षी, त्याचं काम आणि त्याचं जेवण एकाच शब्दात समोर. घोंगल म्हणजे पाण्यातली गोगलगाय. याची चोच टोकाला मिटते आणि मध्ये फट राहते, अडकित्ता वाकडा झाल्यासारखी. पिल्लू असताना ही फट नसते. वय वाढेल तशी पडते. माझ्या पुढच्या दोन दातांचंही तसंच झालं.

आम्ही तिथे अर्धा तास उभे राहिलो. भाच्याला तर दुसरा इलाजच नव्हता. घोंगल्याफोड्याने मान पाण्यात घातली, चिखल चाचपला आणि एक घोंगल बाहेर काढली. मला वाटलं आता हा सुपारी कातरावी तशी ती कातरणार. पण नाही. त्याने शंख चोचीच्या टोकाखाली दाबून धरला, खालच्या चोचीचं टोक आत सारलं, एक झटका दिला आणि आतला जीव अख्खा बाहेर. शंख तसाच पडला, बहुतेक न फुटलेला. म्हणजे नाव फोड्या, पण फोडत काहीच नाही. कुलूप न तोडता घर साफ. मिलमध्ये एकदा अशीच चोरी झाली होती, तेव्हा आम्ही उगाच आतल्या माणसावर संशय घेतला.

शिंगाड्याच्या पानांवर एक कमळपक्षी चालत होता. बोटं इतकी लांब की त्याचं वजन पानावर पसरतं आणि पान बुडत नाही. भाच्याने आपल्या पायांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. यांच्यात नर अंड्यांवर बसतो, पिल्लं सांभाळतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, ही माहिती त्याने मला तिथेच दिली असती तर ती तलावावरच राहिली असती. त्याने ती घरी येऊन मामीसमोर दिली. ही पोळी लाटता लाटता थांबली. "पूर्ण अंडी तोच उबवतो?"

"हो मामी."

"आणि पिल्लं?"

"तोच बघतो."

ही माझ्याकडे वळून काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून सकाळचा चहा मी करतो. निसर्गाचा अभ्यास सावधपणे करावा असं माझं मत त्यानंतर झालं.

नोव्हेंबर हा पक्ष्यांचा महिना, असं भाच्याने सांगितलं. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधले दिवस महाराष्ट्रात २०२०पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. कल्पना चांगली आहे, पण मुहूर्त आमच्याकडे नेमका धान कापणीचा. बांधीत विळे चाललेले, धुऱ्याशी पुंजणे रचलेले. या सप्ताहात तुमसरच्या शेतकऱ्याला पक्षी दिसतात ते पुंजण्यावर बसलेले, आणि त्यांच्याविषयी तो जे बोलतो ते फलकावर लिहिण्यासारखं नसतं.

चितमपल्लींचं नाव निघालं की आमच्या भागातला माणूस जरा ताठ बसतो. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांच्या संगतीत त्यांनी तिथलं पाणी आणि पाखरं वाचली, आणि इथल्या ढिवरांच्या, गोंडांच्या तोंडची नावं गोळा करून 'पक्षिकोश' लिहिला. आम्ही ही नावं रोज फुकट बोलत होतो; कोणी ती जपून ठेवावीत असं आमच्या डोक्यातही नव्हतं. उलट शाळेत गुरुजींनी आमच्या तोंडातली ही बोली घासून काढली. झाडीबोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो. आम्ही 'बगरा' म्हटलं की छडी बसायची. बगळा शुद्ध व्हायला चार छड्या लागत.

चितमपल्लींचाच एक शब्द आहे, सारंगागार. बगळ्या-करकोच्यांची वीण होते ते झाड म्हणजे सारंगागार. आमच्याकडे एका कार्यालयासमोर असं चिंचेचं झाड आहे. पावसाळ्यात त्यावर गायबगळ्यांची इतकी घरटी होतात की झाड चुना लावल्यासारखं दिसतं. चुना खाली उभ्या केलेल्या गाड्यांनाही लागतो, आणि गाड्यांच्या मालकांनाही. मी स्वतः त्या झाडाखाली नव्या शर्टात उभा राहून कृतकृत्य झालेलो आहे. तेव्हा तोंडातून जो शब्द निघाला तो 'पक्षिकोशा'त नाही. आता सारंगागार हा शब्द माहीत आहे. शब्द कळल्याने शर्टावरचा डाग जात नाही, पण जरा मानाचा वाटतो.

गायबगळा हा मात्र व्यवहारी पक्षी. पूर्वी तो बैलांच्या मागे चालायचा, नांगराने उलटलेल्या मातीतले किडे टिपायचा. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले. त्याने पक्ष बदलला. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे पन्नास-साठ पांढरे सदरे मान पुढे-मागे करत चालताना बघितले की निवडणुकीची आठवण येते. पुढे कोण चाललंय याच्याशी घेणंदेणं नाही, माती कोण उलटवतोय ते महत्त्वाचं.

भाच्याला सारस बघायचा होता. उभा राहिला की जवळजवळ सहा फूट. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यांत उंच. आता महाराष्ट्रातले सारस उरलेत ते मुख्यतः शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, आमच्या भंडाऱ्यात अगदी मोजके. गोंदियातली 'सेवा' ही संस्था शेतकऱ्यांना हाताशी धरून त्यांची मोजणी करते. सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो; भोवतालचं धान उपटून गोल चबुतरा रचतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. ज्याच्या बांधीत तो बसला त्याचं थोडं धान गेलं. असा एक शेतकरी मला म्हणाला होता, "धुऱ्यावरून सख्ख्या भावाले एक हात नाई सोडला जी, पण याले का म्हनाव? नवरा-बायको दोघं येऊन उभे रायते. नोटीस कोनाच्या नावाने काढाव?"

सारस कमी होत चालल्याची बातमी वाचून २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्याकडे कोर्टाची पायरी चढल्याशिवाय कोणी जमिनीचा माणूस होत नाही. सारसही आता रीतसर झाडीपट्टीतला शेतकरी झाला.

भाच्याला सारस दिसला नाही. मी त्याची समजूत घालायला मिलमध्ये नेलं आणि आमच्या गोदामातलं गव्हाणी घुबड दाखवलं. वर पत्र्याच्या आडोशाला ते तांदळाच्या परीक्षकासारखं तोंड करून बसलेलं असतं. रात्रीतून उंदीर उचलतं. त्याच्या हिशेबात एक पैशाची चूक मी आजवर पाहिली नाही. तरी नवीन हमाल आला की काठी घेऊन हाकलायला धावतो, अपशकुनी म्हणून. त्याच गोदामाच्या ऑफिसात लक्ष्मीचा फोटो आहे, रोज उदबत्ती आहे. देवी आत बसवायची आणि तिचं वाहन फाटकाबाहेर काढायचं. मग व्यापारात बरकत नाही म्हणायचं. ती येणार कशाने, ऑटोने?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तलावावर गेलो. पाणी आठवड्याभरातच चार बोटं खाली उतरलं होतं. बाबाजींनी भाच्याला तलाव समजावून सांगितला, आणि खरं तर मलाही. कारण पन्नास वर्षं काठावर राहून मी तो कधी विचारला नव्हता. एका बाजूला मातीची पार. तिच्यात तुडूम, म्हणजे बांधीला पाणी सोडायची वाट. भरून वाहील त्यासाठी सलंग. आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. नुसता सपाट उतार, जिथे पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते पाण्यालाही नक्की ठाऊक नसतं. धान निघालं की पाणी उतरू लागतं आणि त्या उतारावर रोज हातभर नवा चिखल उघडा पडतो. त्यात घोंगल, किडे, मासोळी. म्हणजे रोज नवी पंगत, रोज नव्या जागी. चक्रवाक येतात ते यासाठी. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो तो काही तलावाचं निळं पाणी बघायला नाही. काठावरच्या गवतासाठी, ओलाव्यासाठी येतो.

"म्हणजे मामा," भाचा म्हणाला, "पक्षी पाण्याचे नाहीत. चिखलाचे आहेत."

मग त्याने मुंबईचं सांगितलं. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, ते खाडीच्या चिखलात चोच उलटी घालून जेवायला. त्या चिखलाला २०१५मध्ये अभयारण्य केलं, २०२२मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत घातलं. आणि खिडकीतून तो चिखल दिसावा म्हणून माणसं घराला लाखो रुपये जास्त मोजतात.

मी गप्प झालो. कारण हिशेब माझ्या लक्षात यायला लागला होता. आमच्या तालुक्यात चिखला नावाचं गाव आहे, तिथे चिखल नाही, मँगनीज निघतं. आणि जिथे खरा चिखल आहे तो आम्हाला नको आहे. या तलावाच्या सौंदर्यीकरणाचा एक अर्ज गावात फिरतो आहे: चारही बाजूंनी सिमेंटची भिंत, स्टीलचे कठडे, फिरायला रंगीत फरशी, गावावर आपलं प्रेम आहे हे सांगणारी मोठाली लाल अक्षरं, आणि पाण्यात पायांनी चालवायच्या हंसाच्या आकाराच्या होड्या. म्हणजे खरे पक्षी काढायचे, प्लॅस्टिकचे आणायचे, आणि त्यांच्या पोटात बसायचं. या अर्जावर पहिली सही माझी आहे. अक्षर चांगलं म्हणून अर्ज लिहिलाही मीच.

भाच्याला मी हे सांगितलं नाही. त्याला गाडीत बसवलं आणि परस्पर चौकशी केली, की केलेला अर्ज मागे घेता येतो का? येतो म्हणाले. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

तो मी लिहायला घेतला आहे. पूर्ण नको म्हणणारा अर्जही नाही, कारण संध्याकाळी फिरायला मलाही आवडतं आणि लहान मुलं पाण्यात पडू नयेत हेही खरंच आहे. मागणी एवढीच आहे: भिंत, कठडा, फरशी, लाल अक्षरं जे काय करायचं ते गावाच्या बाजूने, पारीवर करा. समोरचा उतार जसा आहे तसा सोडा. तिथे सिमेंट टाकू नका, दिवे लावू नका, भराव घालू नका. खर्च शून्य रुपये. मुनीम म्हणून सांगतो, शासनाच्या इतिहासात इतकं स्वस्त अंदाजपत्रक झालं नसेल.

तुमच्या गावातही असा एखादा तलाव असेल, आणि त्याच्या सौंदर्याचा अर्ज कोणी तरी फिरवत असेल. सही करायच्या आधी एकदा पहाटे त्याच्या काठावर जाऊन या. फक्त पांढरे बूट घालू नका. भाच्याचे अजून आमच्या ओसरीवर पडले आहेत. हिने तीनदा धुतले, चिखल निघत नाही.